इंजिनाविना पहिला धडा

ग्लायडरला इंजिन नसतं असं आपण म्हणतो. इंजिन असतं, पण ते वर जात नाही, जमिनीवरच राहतं. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या मैदानात एका टोकाला विंच उभा असतो. मोठा ड्रम, त्यावर गुंडाळलेला पोलादी दोर आणि ड्रम फिरवायला एक दणकट इंजिन. दोराचं मोकळं टोक मैदानाच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवतात. विंचवाल्याने थ्रॉटल वाढवला की दोर सरसर ड्रमवर येतो, ग्लायडर पुढे खेचलं जातं आणि पोरानं धाव घेऊन उडवलेल्या पतंगासारखं नाक वर करून चढू लागतं. हजारेक फुटांवर दोर सोडायचा. पुढचं सगळं हवेच्या जिवावर.

मी भिलाईचा, वायर रॉड मिलमधून निवृत्त झालेला. त्यामुळे माझी नजर विमानाच्या आधी दोराकडे गेली. ग्लायडरच्या बाजूचं त्याचं टोक मी वाकून नीट पाहून घेतलं. आधी दोर, मग एक छोटी पॅराशूट. वर दोर सुटला की ती उघडते, त्यामुळे दोर धाडकन खाली न पडता सावकाश उतरतो आणि विंचवाल्याला तो गुंडाळून घेता येतो. तिच्यापुढे थोडा दोर, त्यात एक छोटी धातूची पट्टी आणि शेवटी हुकात बसणाऱ्या कड्या. त्या पट्टीला तिथे वीक लिंक म्हणतात. ताण ठरलेल्या मापापुढे गेला की बाकी काही तुटण्याआधी ती तुटते आणि विमानाचे पंख वाचतात. कुठल्या ग्लायडरला किती ताणाची पट्टी लावायची हेही ठरलेलं असतं. हे पाहिलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. रोलिंग मिलच्या कपलिंगमध्ये शिअर पिन असते, तिचं कामही हेच. रोल अडकला तर पिन तुटते, गिअरबॉक्स वाचतो. जिथे तुटणं आधीच ठरवून ठेवलं आहे, त्या यंत्रावर आमच्यासारख्यांचा विश्वास लवकर बसतो. दोराकडे बघतच मी मनाने अर्धा वर चढलो होतो.

भिलाईहून यासाठी पुण्याला कशाला जायचं, असं घरच्यांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. दुर्गहून आझाद हिंद एक्स्प्रेसने पुणं गाठायचं म्हणजे रात्र मोडून अकराशेच्या वर किलोमीटरचा प्रवास. त्याच मार्गावर अवघ्या दोनेक तासांवर गोंदिया आहे, आणि तिथल्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ती धावपट्टी. आज तिच्यावरून मुलं डायमंड विमानं घेऊन उडतात. पण ती मुलं व्यावसायिक वैमानिक व्हायला आलेली असतात. दोनशे तासांचं उड्डाण पुरं करायचं आणि पुढे एअरलाइनमध्ये जायचं. त्यासाठी लागणारा पैसा मध्यमवर्गीय घराला जमीन विकायला लावणारा असतो. ज्याला फक्त एकदा काठी हातात धरून बघायची आहे, उडणं आपल्याला झेपतं का, आवडतं का, एवढंच अजमावायचं आहे, त्याच्यासाठी ते दार नाही. परदेशातल्या फ्लाइंग क्लबांत कुणीही जाऊन अर्ध्या-पाऊण तासाचा पहिला धडा विकत घेतो. आपल्याकडे तशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. हडपसरचं केंद्र त्यातलं एक. ते केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं. मी गेलो तेव्हा काही शे रुपयांत विंचवरचं उड्डाण मिळत होतं.

मैदान सासवड रस्त्याकडे आहे. एके काळी मोकळ्या शिवारात असलेल्या या जागेला आता चहूबाजूंनी शहराने घेरलं आहे. सकाळी वारा मंद असतो, तेव्हाच रांग लागते. आजोबांचं बोट धरून आलेली मुलं, कॉलेजची पोरं, एखादं नवं लग्न झालेलं जोडपं. वजन विचारतात, कारण दोघांचं मिळून वजन मापात बसावं लागतं. मग पट्टे. खांद्यावरून दोन, कमरेवरून दोन, घट्ट. प्रशिक्षक मागच्या आसनावर बसले. वयाने माझ्या मुलाएवढे असतील.

"काका, स्टिकवर हात हलका ठेवा. मी सांगेपर्यंत काही करू नका, फक्त माझ्या हालचाली हाताला कळू द्या."

काचेची कॅनपी बंद झाली. बाहेर एक मुलगा पंखाचं टोक धरून उभा राहिला, कारण एकाच चाकावर उभं असलेलं ग्लायडर एरवी एका पंखावर कलतं. दोराचा ढिलेपणा हळूहळू निघाला, दोर ताठ झाला आणि मग एकच हिसका. पंख धरणारा मुलगा जेमतेम चार पावलं धावला असेल. चाकाचा खडखडाट थांबला आणि समोरचं मैदान दिसेनासं झालं. समोर नुसतं आभाळ. चढ इतका खडा असतो की पाठ आसनात रुतते. सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटात आटोपतं. नाक खाली, पिवळी मूठ ओढली, खालून "टक" असा आवाज आला आणि दोर सुटला.

त्यानंतरची शांतता मला सांगता येणार नाही असं म्हणणं सोपं आहे, पण तिथे शांतता नसतेच. कॅनपीवरून जाणाऱ्या हवेचा एक सतत सूं आवाज असतो आणि तो कामाचा असतो. वेग वाढला की आवाज चढतो, वेग घटला की आवाज मंदावतो. प्रशिक्षक म्हणाले, "आवाज एकदम कमी झाला तर घाबरायचं, वाढला तर नाही." ग्लायडरचा वेग फार कमी झाला की पंखांवरची हवा तुटते आणि विमान बुडतं, म्हणून नाक क्षितिजाच्या किती खाली आहे हे डोळ्यांनी पाहायचं आणि वेग कानाने ऐकायचा. वेगमापक समोर असतोच, पण नवख्याने त्याच्यावर डोळे खिळवून ठेवले की विमान काट्यामागे धावत वरखाली डोलतं.

"आता स्टिक तुमची."

याच क्षणासाठी मी रात्र मोडून गेलो होतो. मी स्टिक डावीकडे नेली. डावा पंख खाली गेला, पण नाक क्षणभर उजवीकडे वळलं. का, ते कॅनपीवर चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्याने दाखवलं. बोटभर लांबीचा लाल धागा, एक टोक चिकटपट्टीने लावलेलं, दुसरं वाऱ्यात मोकळं. विमान हवेतून सरळ चाललं असेल तर धागा सरळ मागे राहतो. विमान तिरकं घसरत असेल तर धाग्याचं शेपूट एका बाजूला सरकतं. माझ्या वळणात ते उजवीकडे सरकलं होतं. डावीकडे वळताना उजवा पंख वर उचलला जातो, त्या पंखाला हवेचा अडथळा जास्त होतो, तो मागे राहतो आणि नाक उलट्या दिशेला खेचलं जातं. उपाय पायात. "शेपूट जिकडे, त्याच्या उलट पाय," मागून आवाज आला. मी डावं पेडल दाबलं आणि धागा पुन्हा मधे आला. हात आणि पाय एकाच वेळी, सारख्या मापात चालले तर धागा हलत नाही. कॉकपिटमध्ये सगळ्यात स्वस्त काय असेल तर तो धागा, आणि त्या सकाळी मी सगळ्यात जास्त शिकलो ते त्याच्याकडून.

इंजिनवाल्या विमानात शिकणाऱ्याला हे सगळं पंख्याच्या गुरगुरीत आणि थ्रॉटलच्या आधाराने शिकायला मिळतं. चूक झाली की इंजिन ती झाकतं. ग्लायडरमध्ये झाकायला काही नाही. सेकंदाला मीटरभर उंची खर्च होत असते. हजार फूट म्हणजे तीनशे मीटर, म्हणजे गरम हवेचा उंचावणारा झोत सापडला नाही तर पाचेक मिनिटांची शिल्लक. त्यातच वळायचं, दिवेघाटाच्या डोंगराकडे बघून दिशा ठेवायची, मैदान नजरेआड होऊ द्यायचं नाही. म्हणून मला वाटतं, आणि हे मी पूर्ण विचाराने लिहितो आहे, की उडायला शिकणाऱ्या प्रत्येकाचा पहिला धडा ग्लायडरवर व्हावा. तो स्वस्त आहे म्हणून नव्हे, तर तिथे हवा थेट हाताला लागते म्हणून. स्वस्त असणं हा वरचा लाभ.

उतरताना प्रशिक्षकांनी स्टिक परत घेतली. मैदानाला समांतर, मग आडवं, मग समोर. पंखांतून एअरब्रेकच्या उभ्या पट्ट्या वर आल्या तसा उतार खडा झाला. पुन्हा वर जायचा मार्ग नसतो, एकदाच उतरायचं असतं, आणि तरी ते इतकं मोजून होतं की चाक टेकल्याचं गवताच्या आवाजाने कळलं.

खाली आल्यावर मी प्रशिक्षकांना विचारलं, माझ्यासारख्याचं ठीक आहे, पण भिलाईच्या सोळा वर्षांच्या मुलाने कुठून सुरुवात करावी? त्यांचं पहिलं उत्तर होतं, एनसीसी. हवाई विभागात गेलेल्या मुलाला मायक्रोलाइट विमानात बसायला मिळतं, आणि त्याच्या खिशातून काही जात नाही. हे मला पटलं, कारण रायपूरला एनसीसीची हवाई स्क्वाड्रन आहे. 2025 मध्ये जशपूरजवळच्या आगडीहच्या धावपट्टीवर छत्तीसगडच्या कॅडेट्सनी व्हायरस एसडब्ल्यू-80 हे दोन आसनी विमान उडवलं. शाळा-कॉलेजात असताना हे दार उघडं असतं. नंतर ते बंद होतं आणि मग लोक हळहळतात.

कॉलेज संपलेल्यांसाठी पॅराग्लायडिंग आहे. पावसाळा सरला की कामशेतच्या टेकड्यांवर तीन-चार दिवसांचे प्राथमिक वर्ग चालतात. काही हजारांत माणूस छोट्या उतारावरून स्वतःच्या पायांनी उडायला लागतो. याला विमान म्हणायचं की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी एकदा टेकडीच्या कडेवर पंख डोक्यावर उभा करून बघावा. वारा ओळखणं इथे जितकं लवकर जमतं तितकं कुठेच नाही.

आणि ज्याला खरोखर इंजिनचं विमान चालवायचं आहे, त्याला प्रायव्हेट पायलट लायसन्सचा रस्ता धरावा लागतो. दहावी पास, सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना, सतराव्या वर्षी लायसन्स, दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, हवामान-नियम-दिशाज्ञानाचे पेपर आणि किमान चाळीस तासांचं उड्डाण. फ्लाइंग क्लबात तासाचा दर दहा हजारांच्या वर असतो, त्यामुळे हा शौक काही लाखांत जातो. माझं म्हणणं इतकंच, की हे लाख खर्च करण्याआधी काही शे किंवा काही हजार रुपयांत आपली हौस तपासून घ्यावी. आधी पैसे भरून मग भीती वाटली तर कुणालाच काही परत मिळत नाही. हडपसरला जायचं तर निघण्याआधी उड्डाणं चालू आहेत का हे फोन करून विचारून घ्यावं. वारा, पाऊस, यंत्रांची देखभाल, कशानेही खंड पडतो.

आपल्या देशात उडणं ही सुरुवातीला श्रीमंतांचीच गोष्ट होती. 1928 मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातलं पहिल्या क्रमांकाचं वैमानिक लायसन्स मिळालं. स्वातंत्र्यानंतर मात्र सरकारने ग्लायडिंगकडे विचारपूर्वक पाहिलं. एस. राममृतम यांनी नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात रोहिणी हे ग्लायडर रचलं; 1961 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. लाकडी, आणि शिकणारा व शिकवणारा शेजारीशेजारी बसतील असं. सामान्य घरातल्या मुलाला उडायला शिकवायचं हे त्या काळात देशाचं काम मानलं गेलं होतं. भिलाईची पहिली झोतभट्टीही त्याच सुमारची, 1959 ची. पोलाद करायला शिकलो तसं उडायलाही शिकायचं, असा तो काळ होता.

आणि म्हणून मला नंदिनीबद्दल बोलायचं आहे. भिलाईपासून वीसेक किलोमीटरवर, कारखान्याच्या चुनखडीच्या खाणींजवळ, कारखान्याचीच नंदिनी धावपट्टी आहे. मोठ्या पाहुण्यांचं विमान यायचं असलं की तिची आठवण होते. भिलाईत आता आयआयटीही आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा कुटेलाभाटाचा परिसर 2024 मध्ये देशाला अर्पण झाला. कानपूरच्या आयआयटीकडे स्वतःची धावपट्टी आणि उड्डाण प्रयोगशाळा आहे. तिथली मुलं वर्गात शिकलेलं हवेत तपासतात. नंदिनीला हे का होऊ नये? आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा ग्लायडरवाल्याला सोन्यासारखी. घारी ती रोज वापरतात. विंचला लागतो तो पोलादी दोर, आणि दोर ओळखणारी माणसं या गावात घरोघर आहेत. दोन आसनांची दोन ग्लायडरं, एक विंच, डीजीसीएची परवानगी, एक पगारी प्रशिक्षक आणि शनिवार-रविवारची सकाळ एवढ्यावर सुरुवात होते. कारखाना, आयआयटी आणि एनसीसी या तिघांनी एका टेबलाभोवती बसायचं ठरवलं तर दुर्ग-भिलाईच्या मुलांना पहिल्या धड्यासाठी आझाद हिंदचं तिकीट काढावं लागणार नाही. माझ्या ओळखीतली मिलमधली निवृत्त माणसं विंच सांभाळायला विनामोबदला येतील. मी विचारून ठेवलं आहे.