खोबऱ्याच्या वाट्या विमानात का चालत नाहीत?

दोन वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा विमानात बसली. केजहून रात्रीच निघून आम्ही पहाटे विमानतळावर पोचलो. बेंगळुरूला धाकट्या सुनेची ओटी भरायची म्हणून तिने तांदूळ, हळकुंडे, सुपारी आणि खोबऱ्याच्या पाच वाट्या मोठ्या बॅगेत बांधल्या होत्या. बॅग तपासणीच्या यंत्रातून गेली आणि वाट्या बाहेर निघाल्या. "सुकं खोबरं नेता येत नाही." आई म्हणाली, "ओटीचं खोबरं आहे बाबा, त्यानं विमान पेटतंय का?" मी एवढा शिकलेला, पण तिला उत्तर देता आले नाही. नंतर शोधले.

आईच्या प्रश्नातच उत्तर होते. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत सुक्या खोबऱ्याला 1363 हा क्रमांक आहे आणि त्याचा वर्ग 'आपोआप पेट घेऊ शकणारे पदार्थ' हा आहे. ओला कडबा गंजीत रचला तर काय होते, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. हात घातला तर आत चटका बसतो. खोबऱ्याचेही तसेच. ते नीट वाळलेले नसले तर ओलाव्यावर बुरशी व जीवाणू वाढतात, त्यांच्या श्वसनातून उष्णता निघते. खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असते. तापलेल्या तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊ लागला की आणखी उष्णता निर्माण होते. ढिगाच्या पोटातली ही उष्णता बाहेर पडायला वाट नसते.

मग पाच वाट्यांनी विमान पेटले असते का? माझ्या मते नाही. वस्तू लहान असली की तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असतो आणि उष्णता चटकन निघून जाते. पण खिडकीवरच्या माणसाला वाटीतला ओलावा मोजता येत नाही, आणि बाकीच्या बॅगांत किती वाट्या आहेत तेही ठाऊक नसते. नियम ढिगासाठी केलेला आहे. वाटी त्यात सापडते. श्रद्धेसाठी अपवादही झाला आहे. 2024 च्या शबरिमला यात्रेच्या हंगामात यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ तपासणीनंतर जवळ बाळगण्याची तात्पुरती परवानगी देण्यात आली होती.

पॉवर बँकेचा नियम याच्या उलट वाटतो : ती मोठ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीतच हवी. कारण पुन्हा आगच. लिथियमची बॅटरी बिघडली तर तिच्या आतल्या रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करीत राहतात. सामानाच्या कप्प्यातला आग विझवणारा वायू ज्वाला दाबतो, पण ती क्रिया थांबवू शकत नाही. प्रवाशांजवळ धूर निघाला तर लगेच दिसतो आणि पाणी ओतून बॅटरी थंड करता येते. सर्वसाधारण मर्यादा 100 वॉट-तासांची. मुलांना हिशेब करू द्या : 20,000 मिलिअँपिअर-तास म्हणजे 20 अँपिअर-तास, गुणिले 3.7 व्होल्ट, म्हणजे 74. चालेल.

लोणच्याची बरणी मात्र मोठ्या बॅगेतच द्यावी, आणि तीही विचार करून भरावी. उंचावर विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे पाऊणपट होऊ शकतो. दहा मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज घ्या. दट्ट्या 6 वर ठेवून तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या 8 पर्यंत ओढा. आत आता पाऊण दाब आहे. बरणीतल्या मोकळ्या जागेतली हवा अशीच फुगू पाहते आणि तेल झाकणातून बाहेर ढकलते. म्हणून हवा थोडीच राहील अशी बरणी भरावी, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. उतरताना कान दडे बसतात तेही दाबामुळेच. गोळी चघळत गिळत राहिले की घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडते.

आणखी एक. देशांतर्गत उड्डाणासाठी बहुतेक कंपन्यांची सामानाची खिडकी तासभर आधी बंद होते. केजहून निघणाऱ्याने टायर पंक्चर होण्याचा वेळही धरावा.

गेल्या खेपेस आईने तांदूळ, हळकुंडे, सुपारी इथून बांधली. खोबरे आम्ही बेंगळुरूच्या बाजारातून आणले. "वाट्या लहानच आहेत इथल्या," असे ती म्हणालीच.