सत्तावीस दिवसांचा देश

माझी मावशी बांद्याच्या पलीकडे, उत्तर गोव्यात दिली. तिचे यजमान, आमचे काका, कोल्हापूरच्या पुढे फारसे कधी गेले नाहीत. विमान आतून पाहिलेलं नाही, पासपोर्टचं नाव नाही. गेल्या दिवाळीत मावसभावाचा फोन आला, "पप्पांची लिस्बनला नोंद घालतोय." मी उडालोच. काकांची? तो म्हणाला, "सत्तावीस दिवसांनी वाचलेत ते!"

काकांचा जन्म 22 नोव्हेंबर 1961चा. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबरला. मधले दिवस सत्तावीस.

तेवढ्यावर सगळं उभं आहे. मुक्तीपूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीज. 31 डिसेंबर 1974च्या करारात पोर्तुगालने इथलं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. तरी पुढच्याच वर्षीच्या कायद्यात इथे जन्मलेल्यांना हवं तर नागरिकत्व राखण्याची मुभा ठेवली. बापाची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढली की मुलाची वाट मोकळी होते. काकांची धाकटी बहीण त्याच घरात, त्याच खोलीत जन्मली. पण 1963 साली. तिच्या मुलांना ही सरळ वाट नाही. घर जागचं हललं नाही, देश तेवढा हलला.

नोंद शोधायला मी सोबत गेलो. वाटेत पत्रादेवी लागते. 15 ऑगस्ट 1955ला इथेच सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. स्मारकापाशी गाडी हळू झाली. ज्यांची राजवट घालवायला माणसं इथे पडली, त्यांच्या राजवटीत आपण जन्मलो होतो याचा दाखला काढायला आम्ही निघालो होतो. गाडीत कोणी काही बोललं नाही. भावाने आरशात बघून केस नीट केले.

कचेरीत नंबर लावला, अर्ज दिला, सांगितलेल्या तारखेला परत गेलो. मिळाली ती मूळ नोंदीची संपूर्ण नक्कल. तिला इथे सगळे 'तेओर' म्हणतात; नुसता जन्मदाखला लिस्बनला पुरत नाही. खिडकीपलीकडे जाडजूड वह्या रचलेल्या दिसत होत्या. त्यातली एक उघडली की डांबराच्या गोळ्यांचा आणि ओलीचा वास यायचा. आमच्या लाकडी कपाटात पावसाळाभर असतो, तोच.

पण ही नक्कल वाचणार कोण? कचेरीसमोर एका वकिलाच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ बसतात. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. सगळे त्यांना नुसतं 'बाब' म्हणतात. शाळा पोर्तुगीजमधून झाली, नोकरी नव्या सरकारात केली. आता दिवसभर हेच वाचतात. कागदावर लाकडी फूटपट्टी ठेवायची आणि एकेक ओळ खाली सरकवायची. जुन्या नोंदीत आकडे नाहीत. तारीख, साल, वेळ सगळं अक्षरी. "विंती दोइश द नोवेंब्रु," बाब पुटपुटले. बावीस नोव्हेंबर. भावाने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

मग नावं आली. तारखेपेक्षा नावांचाच घोर मोठा. पोर्तुगीज लेखणीत श लिहायला एक्स, क कधी सी तर कधी क्यू. एखादा केशव क्यूने सुरू होतो आणि पोटात एक्स घेऊन उभा राहतो. काकांचं नाव नोंदीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, लग्नाच्या नोंदीत तिसरं आणि आधारवर चौथं. बाबांनी चारही कागद शेजारी मांडले आणि लाल पेनने चार गोल केले. "नांव चुकलें काय मनीस चुकलो," ते म्हणाले. यावर उतारा म्हणजे प्रतिज्ञापत्र: ही चारही नावं एकाच व्यक्तीची. काका सगळा वेळ समोर खुर्चीवर होते. ती एकच व्यक्ती पान खात होती.

पुढची वाट लांब, पण सरळ. कागदांचं भाषांतर, परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल शिक्का, आधी काकांचा जन्म, मग लग्न, मग मुलाचा जन्म, शेवटी ओळखपत्र आणि पासपोर्ट. भाऊ कळंगुटच्या हॉटेलात कॅप्टन आहे; सीझन संपला की हाती काम नाही. पोर्तुगाल त्याने नकाशातच पाहिलाय आणि तिथे राहायची त्याला हौसही नाही. त्या पासपोर्टवर युरोपियन युनियनमध्ये कुठेही राहता येतं, काम करता येतं, एवढंच त्याला हवंय. पूर्वी अशी मुलं इंग्लंडला जायची; स्विंडनमध्ये तर गोंयकारांची वस्तीच झाली. ब्रेक्झिटने ते दार लागलं. आता त्याच्या तोंडी आयर्लंड असतं.

किंमत मात्र आहे. दुसरं नागरिकत्व घेतलं की 1955च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 खाली भारताचं जातं. नुसत्या जन्मनोंदीनेही जातं का, यावर गोव्यात निवडणुकीच्या अर्जांपासून कोर्टापर्यंत वाद झालेत. भाऊ पुढे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड काढील. त्यावर तो आपल्याच घरी हवा तितका राहू शकेल, नोकरीही करील. पण मत देता येणार नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. ज्या बाहेरगावच्या लोकांनी गावातल्या जमिनी घेतल्या म्हणून तो चिडतो, त्यांचा मतदार यादीतला हक्क त्याच्याहून मोठा असेल. हे मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "मत देऊन कोणाला बारा महिने काम मिळालंय, सांग." मला उत्तर सुचलं नाही, आणि तेव्हापासून देशभक्तीवर त्याला ऐकवायचं मी सोडलं.

बाब शेवटच्या ओळीपर्यंत आले होते. आजा-आजींची नावं झाली, साक्षीदार झाले. फूटपट्टी पुन्हा वर नेऊन ते म्हणाले, "क्वात्रु ओरश द तार्द. जन्म दनपारां चार वरांचेर."

काका पहिल्यांदाच पुढे सरकले. "दुपारी? नाही हो. पत्रिकेत पहाटेचे चार आहेत."

"हांगा तार्द बरयलां," बाबांनी ओळीवर बोट ठेवलं. तार्द म्हणजे दुपार. पहाट असती तर शब्द वेगळा असता.

काकांनी पानाची पिंक टाकायला म्हणून उठावं तसं केलं आणि परत बसले. साठ वर्षांहून जास्त काळ ते पहाटेच्या पत्रिकेवर जगले होते. तीच जुळवून मावशी घरात आली होती. भाऊ प्रतिज्ञापत्राचे पैसे मोजत होता. काकांनी खिशातून बसचं तिकीट काढलं, बाबांपुढे सरकवलं आणि म्हणाले, "ती वेळ जरा यावर लिहून द्या. मराठीत."