हलकी रायफल आणि भातातलं भेकर

पनवेल-रोहा गाडीतून कासूला उतरले, तर मामेभाऊ प्लॅटफॉर्मवरच सुरू झाला. ‘ताई, एक हलकी सिंगल-शॉट रायफल घ्यायचीय. सायलेन्सरसकट. रात्री भातात डुकरं घुसतात, कधी भेकरसुद्धा.’

‘भेकराचं डोक्यातून काढ!’ मी म्हटलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा जमाना संपला. रोह्यापलीकडचं फणसाड म्हणजे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, १९८६ पासून ते अभयारण्य आहे. डुकरासाठीही आधी वनखात्याची परवानगी लागते. शेताच्या नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, तो या पठ्ठ्याने केलाच नव्हता.

उरली नेमबाजीची हौस. त्यासाठी ४.५ मिमीची एअर रायफल बेस्ट. दर वेळी एकच छर्रा भरायचा, तेवढ्यात श्वासही जागेवर येतो. पण हलकी कशाला? बांधावरून मिरवायला ठीक, नेम धरताना मात्र हलकी नळी डुलत राहते. १० मीटरच्या स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं आणि दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा! तेव्हा वजन कॅटलॉगमध्ये बघू नका, खांद्याला लावून बघा.

आणि सायलेन्सर? विसरा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा आवाज दाबणारी वस्तूसुद्धा बंदुकीतच मोजतात. हौसेपायी पोलीस स्टेशन कोण बघणार?

२००४ ची अथेन्स ऑलिंपिक फायनल गाठणाऱ्या सुमा शिरूर पनवेलला नेमबाजी शिकवतात, हे सांगितल्यावर साहेब जरा नरमले. ‘आधी तिकडे जाऊन येतो,’ म्हणाला. भरपाईचा अर्ज मात्र मीच लिहून दिला.