घरची वीज, भाग ९ : नाव एक, अर्थिंग दोन

विरारच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘दोनशेची मशीन’ मागितली की काउंटरवर एक खोका येतो. लहान सुटकेसएवढा, खांद्याला पट्टा लावून नेता येणारा. हे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. पूर्वी याच कामाला तेलात बुडालेला ट्रान्सफॉर्मर लागायचा. तो हलवायला दोन गडी आणि चालवायला बहुतेक वेळा दोन फेज हवे असत, म्हणून वेल्डिंग गाळ्यातच व्हायचं. खोका हलका झाला आणि वेल्डिंग घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलं. आगाशी, बोळींज, नंदाखाल, अर्नाळा या पट्ट्यात तर त्याला कामाची वाण नाही. खाऱ्या वाऱ्याने गेटची बिजागरी खाल्लेली असते, नाहीतर पंपाचा स्टँड पायाशी कुजलेला असतो. कारागिराला बोलावलं तर तो दोन दिवसांनी उगवणार, मग घरचंच मशीन घ्यायचं असं ठरतं.

मशीन घरी आलं की पहिली शंका एकच. दोनशे अँपिअर घरच्या मीटरला झेपायचे कसे?

झेपतात, कारण ते दोनशे अँपिअर भिंतीतल्या वायरमधून येतच नाहीत. खोक्यावरचा आकडा रॉडच्या टोकाला मिळणाऱ्या जास्तीत जास्त करंटचा असतो आणि तिथे व्होल्टेज फार कमी असतं. गेट-ग्रिलच्या कामाला बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा, किंवा दहा नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड पुरतो. दहा नंबरला साधारण १०० अँपिअर धरले तर ठिणगीपाशी व्होल्टेज २४ च्या आसपास असतं. १०० गुणिले २४ म्हणजे २,४०० वॉट. मशीनमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते, ती धरली की भिंतीतून २,८०० वॉट घ्यावे लागतात. २३० व्होल्टला हा हिशेब १२ अँपिअरचा होतो. पण साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या घरात असतो, त्यामुळे वायरमधून प्रत्यक्षात वाहतात १७ ते १८ अँपिअर.

म्हणजे गीझरचा १६ अँपिअरचा पॉइंट थोडक्यात कमी पडतो. हे थोडक्यात कमी पडणंच वाईट. बराच कमी पडला असता तर एमसीबी लगेच उडाला असता आणि माणूस शहाणा झाला असता. इथे तसं होत नाही. एक-दोन रॉड चालतात, तीन चालतात, मग पिन टॉप हाताला गरम लागतो, सॉकेट पिवळं पडतं आणि महिन्याभराने पॉवर पॉइंटमधून जळका वास येतो. वायरचं गणितही तसंच. डीबीपासून, म्हणजे एमसीबींच्या पेटीपासून, शेड वीस मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चाळीस मीटर तांबं झालं. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये वीस अँपिअरला जवळपास दहा व्होल्ट वाटेतच गळतात आणि दोनशे वॉटच्या आसपास उष्णता भिंतीतल्या पाइपात कोंडते. चार चौरस मिलिमीटरची वायर ओढली तर गळती पावणेचार व्होल्टवर येते. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गुंडाळीतच ठेवून वेल्डिंग करणाऱ्यांनी ही दोनशे वॉटची उष्णता एका भेंडोळ्यात साठलेली डोळ्यांसमोर आणावी.

तेव्हा शेडसाठी डीबीतून वेगळी लाइन हवी. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वीस अँपिअरचा एमसीबी, तोही ‘सी’ प्रकारचा. ‘बी’ प्रकारचा एमसीबी रेटिंगच्या तीन ते पाचपट करंटला झटक्यात उडतो, ‘सी’ पाच ते दहापटीला. इन्व्हर्टर मशीन चालू करताना आतले कपॅसिटर क्षणभर मोठा घोट घेतात, तेवढ्याने लाइन जाऊ नये म्हणून ‘सी’. शेडमध्ये निळं, गोल, तीन पिनांचं ३२ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट बसवावं. त्याचे कॉन्टॅक्ट दणकट असतात आणि झाकणामुळे लोखंडाचा भुसा आत जात नाही. उद्या मोठं मशीन घ्यायचा विचार असेल, तर भिंत एकदाच फोडून सहाची वायर टाकलेली बरी.

इथे एक इशारा द्यायला हवा. अमेरिकेतल्या गॅरेजचे व्हिडिओ पाहून कोणी पन्नास अँपिअरचा ब्रेकर लावा म्हणेल. तिकडच्या घरात साधा प्लग १२० व्होल्टचा असतो, वेल्डिंगला २४० चा वेगळा पॉइंट काढतात. शिवाय मशीन मधूनमधून थांबतं हे धरून तिकडच्या नियमांत वेल्डिंगच्या लाइनला खास सवलत आहे. ती सवलत आपल्या चारच्या वायरवर लादली, तर वायर वितळली तरी ब्रेकर जागचा हलणार नाही.

वायर आणि एमसीबी जमले की बहुतेकांना काम संपल्यासारखं वाटतं. खरा घोळ पुढे असतो, तो एका शब्दाचा. मशीनमधून दोन जाड केबल निघतात. एकीला रॉडचा होल्डर, दुसरीला चिमटा. हा चिमटा कामाच्या लोखंडाला लावतात आणि सगळे वेल्डर त्याला ‘अर्थिंग’ म्हणतात. वायरमनही ‘अर्थिंग’च म्हणतो, पण त्याच्या मनात अंगणातला खड्डा आणि हिरवी वायर असते. “अर्थिंग लावलं का?” असं मालकाने विचारलं, तर वेल्डर चिमट्याकडे बघून हो म्हणतो आणि वायरमन खड्ड्याकडे बघून. दोघंही खरं बोलत असतात.

चिमट्याला जमिनीशी काही देणंघेणं नाही. रॉडमधून गेलेला करंट मशीनकडे परत आणण्याची ती वाट. विरारकरांना हे समजायला स्टेशन गाठलं तरी पुरे. १९३६ साली विजेची लोकल विरारपर्यंत आली, तेव्हापासून आजवर वरच्या तारेतून आलेला करंट परत जातो तो मुख्यतः रुळांवाटे. चिमटा म्हणजे हे रूळ. रूळ तुटला तर करंट थांबून राहत नाही, मिळेल ती दुसरी वाट धरतो. चिमटा गेटच्या गंजक्या खांबाला लावला आणि वेल्डिंग दहा फुटांवरच्या झडपेला केलं, की करंट बिजागरीच्या फटीतून उड्या मारत जातो. त्याच झडपेवर लोखंडी बॉडीचा ग्राइंडर टेकवलेला असेल, तर शंभर अँपिअर त्याच्या प्लगातल्या बारीक हिरव्या वायरमधून मीटरच्या दिशेने निघू शकतात. वायर आतल्या आत वितळते, बाहेरून काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ग्राइंडरला शॉक लागतो आणि दोष ग्राइंडरला मिळतो. म्हणून चिमटा जिथे जोड मारायचा त्याच तुकड्याला, जवळ, आणि गंज घासून चकचकीत केलेल्या जागी लावायचा.

खड्ड्याच्या अर्थिंगचं काम वेगळं. मशीनच्या आतली फेज कधी पत्र्याला चिकटली, तर तो करंट जमिनीत नेणं. आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे जीआय पाइप निदान अडीच मीटर खोल हवा. वाडीतल्या जुन्या घरांत तो हातभरच गाडलेला सापडतो. आणि अडीच मीटर गाडला म्हणून निश्चिंत होता येतं असंही नाही, हे लोकांना पटत नाही. समजा, खड्ड्याचा रोध तीन ओहम आणि महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा दोन. एकूण पाच ओहम, २३० भागिले पाच, म्हणजे ४६ अँपिअर. वीसचा ‘सी’ एमसीबी झटक्यात उडायला निदान शंभर लागतात. ४६ वर तो तापत तापत काही सेकंदांनी, कदाचित मिनिटभराने उडेल. तोवर मशीनच्या पत्र्यावर १३८ व्होल्ट उभे. मे महिन्यात अर्नाळ्याकडची रेताड जमीन कोरडी पडली की खड्ड्याचा रोध आणखी वाढतो आणि एमसीबी मुळीच उडत नाही.

हे भगदाड बुजवतो तो आरसीसीबी. गेलेला आणि आलेला करंट तो सतत मोजतो आणि फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचेपर्यंतच लाइन तोडतो. घरगुती जोडणीसाठी सरकारी सुरक्षा नियमांतली मर्यादाही तीसच आहे. काही इन्व्हर्टर मशीनच्या फिल्टरमधून जरा गळती असते, म्हणून आरसीसीबी विनाकारण उडतो. त्यावर वायरमनचा लाडका उपाय म्हणजे आरसीसीबी काढून टाकणं. तो करू देऊ नये. या एका लाइनला स्वतंत्र, ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी दिला की घरातले दिवे तरी वाचतात आणि गळती कुठली तेही कळतं.

मात्र एक जागा अशी आहे जिथे आरसीसीबीचाही इलाज चालत नाही. मशीनच्या आत ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे रॉडची बाजू भिंतीतल्या विजेपासून तुटलेली असते. रॉड नुसता धरलेला असताना, ठिणगी पडलेली नसताना, रॉड आणि कामाचं लोखंड यांच्यात साठ ते ऐंशी व्होल्ट असतात. कोरड्या चामडी हातमोज्यांत ते जाणवतही नाहीत. जुलैत, शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत असताना, घामाने आणि पाण्याने भिजलेल्या मोज्यात रॉड बदलताना गुडघा गेटला टेकला, तर तो करंट शरीरातून आरपार जातो आणि डीबीतल्या आरसीसीबीला त्याची वार्ताही नसते. पायाखाली कोरडी फळी आणि सुक्या मोज्यांचा दुसरा जोड, पावसाळ्यातला बंदोबस्त एवढाच. अंगणात पाणी साचलं असेल तर गेट चार दिवस वाकडं राहू द्यावं.

राहिला मीटर. महावितरणचा सिंगल फेज पुरवठा ४० अँपिअरपर्यंत मिळतो, पण घराचा मंजूर भार बिलावर छापलेला असतो आणि तो बहुतेकांनी कधी वाचलेला नसतो. वेल्डिंगचे पावणेतीन किलोवॉट त्यात बसत नसतील, तर भार वाढवून घ्यायला अर्ज करावा लागतो. सोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. स्वतःचं गेट जोडणं हा घरगुती वापर झाला. शेजाऱ्याचं जोडलं आणि चहा घेतला, इथवर कोणी विचारणार नाही. पण घरच्या मीटरवर ग्रिलच्या ऑर्डरी घेऊ लागलं, की विद्युत कायदा, २००३ चं कलम १२६ लागू होतं. ज्या कामाला मंजुरी नाही त्या कामाला वीज वापरली, तर त्या वापराला लागू असलेल्या दराच्या दुप्पट आकारणी होते. विरार पूर्वेला गाळा घेतलेल्या फॅब्रिकेटरचं बिल औद्योगिक दराने येतं. त्याच्याशी घरच्या बिलावर स्पर्धा करणाऱ्याची तक्रार बहुधा तोच करतो.