मायनिंग ग्राफिक्स कार्डांचा गेमिंगसाठी पुनर्वापर

मायनिंग ग्राफिक्स कार्डांचा पुनर्वापर म्हणजे क्रिप्टोचलनाच्या मायनिंगसाठी (खननासाठी) वापरलेली किंवा खास त्यासाठीच बनवलेली ग्राफिक्स कार्डे नंतर वैयक्तिक संगणकावर खेळ खेळण्यासाठी वापरणे होय. मायनिंग तोट्यात गेले की अशी कार्डे मोठ्या संख्येने जुन्या मालाच्या बाजारात येतात आणि नव्या कार्डाच्या तुलनेत बरीच स्वस्त मिळतात. त्यांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात मायनिंगसाठी राबवलेली सामान्य गेमिंग कार्डे येतात. दुसऱ्या प्रकारात एनव्हिडियाच्या पी१०६-१०० किंवा सीएमपी मालिकेसारखी, मॉनिटर जोडण्याची सोय नसलेली कार्डे येतात. पहिल्या प्रकारात मुख्य प्रश्न झिजेचा असतो, तर दुसऱ्या प्रकारात उत्पादकाने काढून टाकलेल्या किंवा बंद केलेल्या सुविधांचा.

पार्श्वभूमी

बिटकॉइनचे मायनिंग २००९ मध्ये सामान्य प्रोसेसरवर सुरू झाले. २०१० पासून त्यासाठी ग्राफिक्स कार्डे वापरली जाऊ लागली आणि २०१३ पासून त्यांची जागा केवळ त्याच कामासाठी घडवलेल्या चिपांनी घेतली. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियममुळे ग्राफिक्स कार्डांना पुन्हा मागणी आली. इथेरियमची 'इथॅश' ही पद्धत गणनेच्या वेगापेक्षा स्मृतीच्या वेगावर अधिक अवलंबून होती. तिच्यासाठी 'डॅग' नावाचा मोठा माहितीसंच कार्डाच्या स्मृतीत सतत ठेवावा लागे. हा संच सुरुवातीला सुमारे १ जीबीचा होता आणि दर ३०,००० ब्लॉकांमागे सुमारे ८ एमबीने वाढत असे. २०२० च्या अखेरीस तो ४ जीबी स्मृतीच्या कार्डांत मावेनासा झाला. त्यामुळे ती कार्डे इथेरियमच्या कामातून बाद झाली, मात्र खेळांसाठी ती उपयोगी होती.

कार्डांची टंचाई आणि त्यानंतरची रेलचेल यांचे चक्र दोनदा ठळकपणे दिसले. २०१७ च्या तेजीत मध्यम किमतीची कार्डे दुकानांतून दिसेनाशी झाली. २०१८ मध्ये क्रिप्टोचलनांचे भाव कोसळले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये एनव्हिडियाने विक्रेत्यांकडे मध्यम श्रेणीच्या कार्डांचा जादा साठा पडून असल्याचे सांगितले. दुसरी तेजी २०२० च्या अखेरीस सुरू झाली. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलर या जाहीर किमतीला आलेले आरटीएक्स ३०८० त्या किमतीत मिळणे दुरापास्त झाले. २०२१ मध्ये चीनने मायनिंगवर कठोर बंदी घातली, तेव्हा तेथील कार्डे विक्रीस निघाली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने 'मर्ज' नावाच्या बदलाद्वारे मायनिंग पूर्णपणे बंद केले. इतर चलने एवढ्या कार्डांना किफायतशीर काम देऊ शकत नसल्याने जगभरातील कार्डे बाजारात आली.

खास मायनिंगसाठीची कार्डे

एनव्हिडियाने २०१७ मध्ये पी१०६-१०० हे कार्ड आणले. त्यातील चिप जीटीएक्स १०६० मधील चिपच्याच घराण्यातील होती. गणना करणारे १,२८० गाभे, ६ जीबी जीडीडीआर५ स्मृती आणि १२० वॅट वीजमर्यादा ही त्याची वैशिष्ट्ये सहा जीबीच्या जीटीएक्स १०६० शी जुळतात. फरक असा, की पी१०६-१०० वर मॉनिटर जोडण्यासाठी एकही खाचा नाही आणि मदरबोर्डशी होणारा संवाद पीसीआय एक्सप्रेसच्या १.१ या जुन्या, मंद आवृत्तीपुरता मर्यादित आहे. पुढे पी१०४-१०० आणि पी१०२-१०० ही अधिक शक्तिशाली कार्डेही आली. मायनिंगसाठी खास विकल्या गेलेल्या काही कार्डांना उत्पादकांनी अवघी तीन महिन्यांची हमी दिली होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाने सीएमपी ही नवी मालिका जाहीर केली. तीत ३०एचएक्स, ४०एचएक्स, ५०एचएक्स आणि ९०एचएक्स अशी कार्डे होती. याच सुमारास कंपनीने आरटीएक्स ३०६० या गेमिंग कार्डाचा इथेरियम मायनिंगचा वेग मुद्दाम निम्म्यावर आणला, म्हणजे गेमिंग कार्डे खेळाडूंकडे जातील आणि मायनर सीएमपीकडे वळतील. मार्च २०२१ मध्ये कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरमुळे हे बंधन चुकून सैल झाले. गेमिंग कार्डांच्या दर्जात न बसणाऱ्या चिपा सीएमपीसाठी वापरल्या जातात, त्यामुळे खेळाडूंच्या वाट्याची कार्डे कमी होत नाहीत, अशी कंपनीची भूमिका होती. मायनिंग संपल्यावर या कार्डांना दुसरा उपयोग उरणार नाही आणि त्यांचा थेट ई-कचरा होईल, असा टीकाकारांचा आक्षेप होता.

मॉनिटरची खाच नसलेल्या कार्डावर खेळ चालवणे

पी१०६-१०० वर खाच नसली, तरी चित्र तयार करण्याची चिपची क्षमता शाबूत आहे. त्यामुळे चित्र एका कार्डावर तयार करायचे आणि दुसऱ्याच्या खाचेतून मॉनिटरवर दाखवायचे, हा मार्ग उपलब्ध होतो. दोन ग्राफिक्स चिपा असलेल्या अनेक लॅपटॉपांत हीच रचना असते. शक्तिशाली चिप चित्रचौकट तयार करते, ती मुख्य स्मृतीत पाठवली जाते आणि प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स ती मॉनिटरवर दाखवते.

मेजावरच्या संगणकावर ही रचना उभारण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर किंवा मॉनिटर जोडण्यासाठी दुसरे साधे कार्ड. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असते, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते. दुसरी गोष्ट म्हणजे कार्डाला गेमिंगसाठी ओळखणारा ड्रायव्हर. एनव्हिडियाच्या नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय नसल्याने वापरकर्ते ड्रायव्हरच्या स्थापना-फाइलमध्ये किंवा विंडोज रजिस्ट्रीत बदल करतात. अशा बदलामुळे ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी अवैध ठरू शकते आणि तो बसवण्यासाठी विंडोजची स्वाक्षरी-तपासणी बंद करावी लागते. त्यामुळे अनोळखी ठिकाणाहून तयार ड्रायव्हर उतरवून घेणे सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचे असते. तिसरी गोष्ट म्हणजे कोणता खेळ कोणत्या कार्डावर चालावा हे ठरवण्याची सोय. विंडोज १० मध्ये ती २०१८ च्या १८०३ या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्येच मिळते. लिनक्सवर हेच काम 'प्राइम' या यंत्रणेद्वारे होते.

संवादमार्गाची मर्यादा

मायनिंगमध्ये कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात फार थोडी माहिती ये-जा करते. त्यामुळे मायनर अनेकदा एकाच मार्गिकेच्या जोडणीवर कार्डे चालवतात. खेळांचे तसे नसते. पृष्ठचित्रे आणि भौमितिक माहिती सतत कार्डाकडे जात असते आणि खाच नसलेल्या कार्डावर तयार झालेली चित्रचौकटही त्याच मार्गाने परत यावी लागते.

पीसीआय एक्सप्रेस १.१ च्या एका मार्गिकेतून एका दिशेने सेकंदाला सुमारे २५० एमबी माहिती जाते. म्हणजे चार मार्गिकांतून सुमारे १ जीबी आणि सोळा मार्गिकांतून सुमारे ४ जीबी. आवृत्ती ३.० च्या सोळा मार्गिकांतून हेच प्रमाण सुमारे १५.७५ जीबी असते. १९२० × १०८० बिंदूंच्या एका चित्रचौकटीला प्रतिबिंदू ४ बाइट धरले, तर सुमारे ८.३ एमबी जागा लागते. सेकंदाला ६० चौकटी पाठवायच्या झाल्या, तर सुमारे ५०० एमबी लागतात. चार मार्गिकांच्या कार्डावर परतीच्या वाटेचा निम्मा भाग यातच खर्च होतो. ३८४० × २१६० बिंदूंच्या पडद्यासाठी हीच गरज सुमारे २ जीबी होते आणि ती या मार्गात मावत नाही.

त्यामुळे अशी कार्डे १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यापुरती उपयुक्त ठरतात. पी१०६-१०० चा वेग जीटीएक्स १०६० च्या जवळपास, पण काहीसा कमी असतो. खेळाची माहिती कार्डाच्या स्मृतीत मावली नाही, तर ती मंद मार्गाने वारंवार आणावी लागते आणि खेळ अडखळतो. चित्र दुसऱ्या चिपमार्गे जात असल्याने थोडा विलंबही वाढतो. काही कार्डांवर जादा मार्गिकांसाठी लागणारे संधारित्र (कपॅसिटर) बसवलेलेच नसतात. ते डाग देऊन बसवल्यास मार्गिका वाढवता येतात, मात्र हे काम कौशल्याचे असून त्यात कार्ड कायमचे निकामी होण्याचा धोका असतो.

मायनिंगमुळे होणारी झीज

वर्षभर अखंड चाललेले कार्ड ८,७६० तास काम करते. रोज तीन तास खेळणाऱ्याच्या कार्डाला एवढे तास भरायला आठ वर्षे लागतील. पण केवळ तासांच्या हिशेबावरून झीज ठरत नाही. इथेरियम मायनिंगचा वेग स्मृतीवर अवलंबून असल्याने जाणकार मायनर विजेची बचत करण्यासाठी मुख्य चिपचा वेग, व्होल्टता आणि वीजमर्यादा कमी ठेवत. तापमानही बराच काळ स्थिर राहत असे. खेळताना कार्ड वारंवार तापते आणि थंड होते, त्यामुळे डागजोडांवर प्रसरण-आकुंचनाचा ताण येतो. हा ताण मायनिंगमध्ये तुलनेने कमी असतो.

खरा भार पडतो तो पंखे, स्मृती आणि उष्णतावाहक साहित्यावर. पंख्यांचे बेअरिंग तासांच्या प्रमाणातच झिजतात. स्मृती मात्र नेमलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवली जात असे. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० मधील जीडीडीआर६एक्स स्मृती मायनिंगमध्ये १०० अंश सेल्सियसच्या पुढे तापल्याची उदाहरणे अनेक आहेत. चिपवरील उष्णतावाहक लेप वाळतो आणि स्मृतीवरील पट्ट्या कडक होतात किंवा तेल सोडतात. पंखे, लेप आणि पट्ट्या कमी खर्चात बदलता येतात, बिघडलेली स्मृती बदलणे मात्र खर्चिक असते. धूळ आणि दमट हवेमुळे येणारा गंज हाही एक धोका आहे. म्हणजेच कार्डावर मायनिंग झाले होते का, यापेक्षा ते कोणत्या परिस्थितीत झाले, याला अधिक महत्त्व असते.

बदललेले बायोस आणि बनावट कार्डे

एएमडीच्या आरएक्स ४७०, ४८०, ५७० आणि ५८० या कार्डांवर मायनर अनेकदा बदललेला बायोस चढवत. त्यात स्मृतीचे कालमान अधिक कडक केलेले असे. असे कार्ड मायनिंगमध्ये सुरळीत चालले, तरी खेळांत पडद्यावर ठिपके दिसणे किंवा संगणक बंद पडणे असे दोष दिसू शकतात. एएमडीचा अधिकृत ड्रायव्हरही बदललेला बायोस नाकारू शकतो. अशा वेळी त्याच उत्पादकाचा आणि त्याच प्रकारच्या स्मृतीचा मूळ बायोस परत चढवावा लागतो. काही कार्डांवर दोन बायोस आणि ते बदलण्याचा खटका असल्याने हे काम सोपे होते.

जुन्या, कमी क्षमतेच्या कार्डावर वेगळा बायोस चढवून ते नव्या कार्डाच्या नावाने विकण्याचे प्रकारही घडले आहेत. जीपीयू-झेड या मोफत प्रणालीने २०१८ मध्ये अशी अनेक बनावट एनव्हिडिया कार्डे ओळखण्याची सोय दिली. सारख्या नावांमुळेही फसगत होते. आरएक्स ५८० मध्ये २,३०४ गाभे असतात, तर ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनमध्ये आलेल्या आरएक्स ५८० २०४८एसपी या कार्डात नावाप्रमाणे २,०४८ च असतात.

खरेदीपूर्वीची तपासणी

वापरलेले कार्ड घेताना सामान्यतः पुढील गोष्टी पाहिल्या जातात :

- कार्डावर मॉनिटरच्या खाचा आहेत का आणि नसल्यास आपल्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे का.
- गाभ्यांची संख्या, स्मृती आणि पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गिका जीपीयू-झेडमध्ये विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे दिसतात का.
- पंखे आवाज न करता फिरतात का. स्क्रू, जोडण्या आणि फळीवर गंज, जळल्याच्या किंवा पुन्हा डाग दिल्याच्या खुणा आहेत का.
- किमान अर्धा तास भार देणाऱ्या चाचणीत पडद्यावर ठिपके, रेषा किंवा चुकीचे रंग दिसतात का आणि तापमान किती चढते.
- स्मृतीच्या स्वतंत्र चाचणीत चुका आढळतात का.
- हमी शिल्लक आहे का आणि ती नव्या मालकाला लागू होते का.

किमतीची तुलना करताना उष्णतावाहक साहित्य, पंखे आणि गरज पडल्यास नवा वीजपुरवठा यांचा खर्च धरावा लागतो. ड्रायव्हरचे उरलेले आयुष्यही महत्त्वाचे असते. जीटीएक्स १०६० आणि पी१०६-१०० ज्या पास्कल पिढीतील आहेत, तिच्यासाठी नव्या खेळांनुसार ड्रायव्हर सुधारण्याचे काम एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. त्यानंतर फक्त सुरक्षाविषयक सुधारणा मिळतात. या पिढीत किरण-अनुरेखनासाठी (रे ट्रेसिंगसाठी) स्वतंत्र गाभे नाहीत, त्यामुळे ते अनिवार्य असलेले नवे खेळ त्यावर चालत नाहीत किंवा अत्यंत मंद चालतात.

पर्यावरण आणि ग्राहकहित

ग्राफिक्स कार्डाच्या निर्मितीत तांबे, सोने यांसारखे धातू आणि मोठ्या प्रमाणात ऊर्जा खर्ची पडते. चालू स्थितीतील कार्ड दुसऱ्या मालकाकडे गेल्यास त्याचे आयुष्य वाढते आणि कमी उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना किंवा खेळाडूंना परवडणाऱ्या किमतीत साधन मिळते. मायनिंगसाठी राबवलेले सामान्य गेमिंग कार्ड स्वच्छ करून, लेप बदलून सहज पुन्हा वापरता येते. खाच नसलेल्या कार्डाच्या बाबतीत मात्र पुनर्वापर हा अनधिकृत ड्रायव्हर, वापरकर्त्यांनी शोधलेल्या युक्त्या आणि कधी डागकाम यांवर अवलंबून राहतो. दोन्ही कार्डांतील चिप जवळपास सारखीच असते. एकाच्या वाट्याला दुसरे आयुष्य सहज येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला येत नाही, याचे कारण झिजेपेक्षा मूळ रचनेत अधिक आहे.

एनव्हिडियाच्या गेमिंग विभागाच्या २०१७ मधील वाढीत मायनिंगचा किती वाटा होता, हे कंपनीने गुंतवणूकदारांना पुरेसे स्पष्ट केले नाही, असा ठपका अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने मे २०२२ मध्ये ठेवला. कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता ५५ लाख डॉलरचा दंड भरून हे प्रकरण मिटवले.

हेही पहा

- ग्राफिक्स प्रक्रिया एकक
- क्रिप्टोचलन
- इथेरियम
- पीसीआय एक्सप्रेस
- ई-कचरा