काँक्रीटचे कसब आणि ऑस्ट्रेलियाचा दरवाजा

‘काँक्रीटर’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, आणि त्यामागे कारण आहे. आपल्याकडे स्लॅब पडायचा असला की सेंट्रिंगवाला वेगळा, सळई बांधणारा वेगळा, माल कालवून घमेली वाहणारी टोळी वेगळी आणि शेवटी रंधा फिरवून कोबा घोटणारा मिस्त्री आणखी वेगळा. ऑस्ट्रेलियात लहान बांधकामावर ही साखळी बहुधा एकाच कारागिराच्या हाती असते. जमीन सपाट करणे, कडेच्या फळ्या बसवणे, जाळी अंथरणे, काँक्रीट ओतणे, पातळीत आणणे, घोटणे, सांधे कापणे आणि ओलावा टिकवणे हे सारे त्याचेच काम. घरांचे पाये, अंगणे, मोटारीचे रस्ते आणि गोदामांची जमीन यांना तेथे सतत मागणी असल्यामुळे हा कारागीर सहसा रिकामा बसत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची सिमेंट, लोखंड, हार्डवेअरची दुकाने आहेत. काहींनी बांधकामाची कंत्राटेही घेतली आहेत. गोणीचा भाव, सळईचे वजन आपल्याला तोंडपाठ असते. पण गोणी दुकानाबाहेर गेल्यावर तिचे काय होते याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून थोडे त्याविषयी.

काँक्रीट वाळून घट्ट होते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते. पाणी लवकर उडून गेले तर ही क्रिया अर्धवट राहते. त्यासाठीच आपल्याकडे स्लॅबवर किमान सात दिवस पाणी मारतात, आणि मजबुतीची कसोटी २८ व्या दिवशी घेतात. याउलट माल पसरायला सोपा जावा म्हणून मिश्रणातच जास्त पाणी ओतले, तर मजबुती घटते. खरे कसब या दोन टोकांच्या मध्ये आहे. ओतल्यानंतर काही वेळाने पृष्ठभागावर पाणी सुटते. ते उडून जाण्याआधीच थापी फिरवली तर वरचा थर कमकुवत होऊन पुढे पापुद्रे निघतात. फार उशीर केला तर पृष्ठभाग घोटला जात नाही. तो क्षण ऊन, वारा आणि हवेतील दमटपणा यांवर अवलंबून असतो. पुस्तकातून तो पुरता शिकता येत नाही. उन्हाळ्यात तेथील कारागीर पहाटेच कामाला लागतात ते यासाठीच. तयार काँक्रीटचा ट्रक दारात उभा राहिला, की फळी नीट बसली नाही म्हणून थांबता येत नाही.

या कामाची किंमत शरीर मोजते. ओले सिमेंट अतिशय अल्कधर्मी असते. बुटात शिरले तर कातडी भाजते. वर्षानुवर्षे वाकून काम केल्याने गुडघे आणि कंबर झिजतात. घट्ट झालेले काँक्रीट कोरडे कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते. हा धोका ऑस्ट्रेलिया इतका गांभीर्याने घेतो, की भरपूर सिलिका असलेल्या कृत्रिम दगडी फरशांच्या वापरावर तेथे १ जुलै २०२४ पासून बंदी आहे. तेथे बांधकामावर पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येकाला सुरक्षिततेचे प्राथमिक प्रशिक्षण घेऊन ‘व्हाइट कार्ड’ मिळवावेच लागते, मग तो मजूर असो वा अभियंता.

शिक्षणाची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. काँक्रीटच्या कामाचे ‘सर्टिफिकेट थ्री’ पातळीचे रीतसर प्रमाणपत्र आहे. मालकाकडे काम करत, पगार घेत, मधूनमधून टेफ या सरकारी तंत्रशिक्षण संस्थेत किंवा तशाच मान्य संस्थेत जाऊन शिकाऊ उमेदवार ते पुरे करतो. हात बसल्यावर पुष्कळ जण स्वतंत्र उपकंत्राटदार होतात. क्वीन्सलँड राज्यात ३,३०० डॉलरवरील कामासाठी परवाना लागतो आणि त्यात काँक्रीटचा स्वतंत्र वर्ग आहे. वार्षिक उलाढाल ७५,००० डॉलरवर गेली की तेथेही जीएसटीची नोंदणी अनिवार्य. दर मात्र सरसकट दहा टक्के. नोकरीत राहिलेल्यासाठी मालकाला पगाराव्यतिरिक्त निवृत्तिनिधीत भरणा करावा लागतो, आणि १ जुलै २०२५ पासून तो बारा टक्के आहे. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही शेवटची बाब विशेष भावते. आपल्याकडे कोबा घोटणाऱ्या किती मिस्त्रींच्या नावावर भविष्यनिर्वाह निधी असतो?

इथवर वाचून एखाद्या तरुणाला वाटेल, की मग जावेच. येथेच सावध व्हायला हवे.

कसबाला मागणी असणे आणि त्या कसबावर देशात प्रवेश मिळणे, ही दोन वेगळी खाती आहेत. ऑस्ट्रेलियात व्हिसासाठी वर्षानुवर्षे वापरात असलेल्या ‘अँझ्को’ या व्यवसाय-वर्गीकरणात पाच कौशल्यस्तर आहेत. पहिला पदवीधरांचा, पाचवा अकुशलांचा. गवंडी, सुतार, फरशी बसवणारा हे तिसऱ्या स्तरावर आहेत, काँक्रीटर चौथ्या. गुणांवर आधारित स्थायी व्हिसाच्या याद्या मुख्यतः पहिल्या तीन स्तरांतून तयार होतात. परिणामी विटा रचणारा, वय ४५ च्या आत असेल, इंग्रजीची परीक्षा आणि कौशल्याची तपासणी उत्तीर्ण होईल आणि किमान ६५ गुण जमवील, तर निदान रांगेत उभा राहू शकतो. (६५ गुण म्हणजे केवळ पात्रता, निमंत्रणासाठी पुष्कळदा त्याहून अधिक लागतात.) काँक्रीट ओतणाऱ्याला ती रांग सहसा खुली नसते. त्याच्यासाठी मार्ग उरतो तो मालकाने सरकारशी केलेल्या विशेष श्रमकराराचा, किंवा ठरावीक प्रदेशांसाठी झालेल्या करारांचा. त्यात पुढाकार मालकानेच घ्यायचा असतो. कारागिराला स्वतःहून अर्ज करता येत नाही.

माझ्या मते हा भेद कामाच्या अवघडपणावरून ठरलेला नाही. कॅनडाचेच पाहा. तेथे काँक्रीट घोटणारा हा ‘रेड सील’ या आंतरप्रांतीय मानांकनातील व्यवसाय आहे, आणि कुशल कारागिरांच्या केंद्रीय योजनेत तो बसतो. मात्र गेल्या पाच वर्षांतील दोन वर्षांचा अनुभव, भाषेची परीक्षा आणि वर्षभराच्या नोकरीचा देकार किंवा तेथील प्रमाणपत्र या अटी आहेतच. हात तेच, थापी तीच. वर्गीकरण बदलले की दरवाजा बदलतो.

या बारकाव्याच्या अज्ञानावरच काही दलालांचा धंदा चालतो. सेवेत असताना एक गृहस्थ मुलासाठी आठ लाखांचे कर्ज मागायला आले होते, घर तारण ठेवून. सोबत एका संस्थेचे पत्र होते : ऑस्ट्रेलियात काँक्रीटरची हमखास नोकरी, कुटुंबासह स्थायी वास्तव्य. मी व्हिसाचा उपवर्ग क्रमांक विचारला. पत्रात तो नव्हता, मालकाचे नाव नव्हते, आणि आठांपैकी साडेपाच लाख ‘प्रायोजकत्व शुल्क’ म्हणून दाखवले होते. कर्ज मंजूर झाले नाही. गृहस्थ नाराज होऊन गेले, आणि त्यांची नाराजी मी समजू शकलो. मुलाने वर्षभर त्या पत्रावर आशा लावली होती.

प्रायोजकत्वासाठी पैसे मागणे वा देणे हे ऑस्ट्रेलियात १४ डिसेंबर २०१५ पासून कायद्याने निषिद्ध आहे, आणि देणाऱ्याचाही व्हिसा त्यापायी रद्द होऊ शकतो. परकीय कामगार आणणाऱ्या मालकाला जो प्रशिक्षणनिधी सरकारजमा करावा लागतो, तोही कामगाराकडून वसूल करता येत नाही. आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येते. त्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी इतकीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाविषयी सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांकही तेथील सरकारी नोंदवहीत पाहता येतो. हे तिन्ही तपासायला अर्धा तास पुरतो.

ज्याला खरोखरच जायचे आहे, त्याने काँक्रीटबरोबर वीटकाम किंवा फरशीकाम रीतसर शिकावे, असे मी सुचवीन. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पनवेलला लार्सन अँड टुब्रोची बांधकाम प्रशिक्षण संस्था आहे. इंग्रजी पहिल्या दिवसापासूनच सुरू करावे. हात तयार असूनही अनेकांचा अर्ज तेथे अडतो.

याहून मोठी अडचण पुराव्याची. कौशल्य तपासणाऱ्या परदेशी संस्था पगारपत्रके, बँकेचे उतारे, मालकाची पत्रे आणि कामाची छायाचित्रे मागतात. दहा वर्षे स्लॅब घोटलेल्या आपल्या मिस्त्रीजवळ यांतले काहीच नसते, कारण शनिवारी संध्याकाळी त्याला रोख मिळते आणि हिशेब ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत राहतो. आपल्या घरांतून जे ठेकेदारी करतात त्यांना हे सहज बदलता येईल. मजुरी खात्यावर जमा करावी, आणि वर्षातून एकदा दुकानाच्या किंवा फर्मच्या कागदावर त्याचे नाव, कामाचा प्रकार, कालावधी लिहून सही-शिक्का करून द्यावा. कोणत्या कामावर किती घनमीटर काँक्रीट पडले, हेही त्यात लिहिले तर अधिक चांगले. तपासणीस ते विचारतो.