तंबोरा घेताना घोडी बघा

मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेल्या माणसाला पहिल्यांदा फसवतात ते त्याचे डोळे. दुकानात ओळीने उभ्या केलेल्या तंबोऱ्यांपैकी एखाद्याच्या भोपळ्यावर कोरीव पाने असतात, दांडीच्या कडेने पांढरी नक्षी फिरलेली असते. शेजारीच एक साधा, नुसते पॉलिश मारलेला तंबोरा असतो. किमतीत चांगलाच फरक. गाणे शिकणाऱ्या मुलीचे वडील आणि भजनी मंडळाचे कारभारी खिशाला ताण देऊन नक्षीवाल्याकडे झुकतात. ध्वनिशास्त्राला विचारले तर ते साध्याला हरकत घेणार नाही. ते फक्त घोडी बघायला सांगेल.

घोडी म्हणजे तबलीवरची, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या फळीवरची, ती रुंद पट्टी, जिच्यावरून चारही तारा जातात. व्हायोलिनमध्ये तार एका अरुंद कडेवर टेकते, त्यामुळे तिचे टोक नेमके ठरलेले असते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो आणि तो पुढच्या बाजूला अगदी हलक्या उताराने वळवलेला असतो. छेडलेली तार वरखाली होताना या उतारावर कधी जास्त टेकते, कधी कमी. म्हणजे कंप पावणारी लांबी प्रत्येक झोक्यात किंचित बदलत राहते आणि तारेची ऊर्जा वरच्या स्वरांशांकडे, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या सुरांकडे, वळते. शिवाय तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवलेला असतो. तो केसभर पुढेमागे केला की बोथट वाजणारी तार एकदम झणकारते. हीच जवारी.

हे प्रकरण वाटते त्याहून विलक्षण आहे. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे एखाद्या स्वरांशाचा निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असेल, तर तो स्वरांश ऐकू येऊ नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे सगळे गायब व्हायला हवेत. तंबोरा तर जवळपास मध्यावरच छेडतात! 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वीणा आणि तंबोरा यांच्यावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. जे स्वरांश हरवायला हवेत तेच या वाद्यांत ठणठणीत ऐकू येतात, आणि त्याचे कारण घोडीचा वक्र माथा आणि तो दोरा, असे त्यांनी दाखवले. त्यांचे नोबेल त्यानंतर नऊ वर्षांनी आले, तेही प्रकाशाच्या संशोधनाला.

गिऱ्हाइकाला या विज्ञानाचा उपयोग दुकानातच करता येतो. पुरुषांच्या काळी एकच्या पट्टीत खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार साधारण 69.3 हर्ट्झला लावतात. तिचा पाचवा स्वरांश 346.5 हर्ट्झचा, म्हणजे दोन सप्तके वरचा शुद्ध गंधार. जवारी नीट असेल तर कोणी न छेडलेला हा गंधार खर्जातून आपोआप उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. दोन मिनिटे शांतपणे खर्ज छेडून तो ऐकू येतो का, हे पाहावे. आता हाच गंधार नेहमीच्या पेटीवर दाबा. पेटी समविभाजित सप्तकाची असल्याने तिचा गंधार 349.2 हर्ट्झच्या आसपास पडतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला अडीच-तीन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. ज्या कानाला हा हेलकावा कळला, त्याला तंबोरा निवडता येईल.

या दोन-तीन हर्ट्झपायी सातारा-सांगलीकडे शंभर वर्षांपूर्वी बराच घाम गाळला गेला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिले. श्रुतींच्या प्रयोगांसाठी त्यांना पुढे मिरजेचे झालेले अब्दुल करीम खाँ यांचा गळा लाभला. न्यायखात्यातले अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना सामील झाले आणि या मंडळींनी बावीस श्रुतींची पेटी लंडनमध्ये बनवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून कडाक्याचा वाद झाला. मला त्यात गंमत वाटते ती अशी, की निदान शुद्ध गंधार ऐकायला तरी इतक्या लांब जायची गरज नव्हती. तो मिरजेत कुठल्याही चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यातून फुकट निघत होता.

मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आला आहे. फरीदसाहेब सतारमेकर हे शिकलगार घराण्यातले. हत्यारांना धार लावायचे काम कमी होत गेले तसे ते तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून. ते कडू जातीचे, खाण्याच्या कामाचे नाहीत. दांडी आणि तबली तुनाच्या लाकडाची.

पैसे मोजायचे ते इथे. लाकूड पुरते मुरलेले नसेल तर साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या पावसाळ्यात ते ओल धरते, दांडीला बाक येतो आणि सूर रोज सरकतो. एक डोळा मिटून दांडीवरून सरळ नजर टाका. भोपळा आणि दांडी जुळतात तिथल्या सांध्यावर फट आहे का, ते पाहा. खुंट्या पिळून सोडा. त्या घसरत असतील तर वाद्य कितीही देखणे असो, रोज डोकेदुखी. वापरलेला पण दुरुस्त केलेला तंबोरा मिळाला तर नाक मुरडू नका, कारण जुने लाकूड वाकायचे तेवढे आधीच वाकलेले असते. मोबाइलमधला तंबोरा रियाजाला सोयीचा आहे खरा, पण तो तेच आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवतो आणि सूर लावण्याची मेहनत शिकवत नाही.

वाचलेले पैसे जवारीसाठी बाजूला ठेवा. घोडी उंटाच्या हाडाची असो की कृत्रिम, पोलादी तारा तिच्यावर हळूहळू खाचा पाडतात. खाच पडली की तार उतारावर लोळत नाही, आणि झणकार बसतो. मग कारागीर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन माथा पुन्हा घासून देतो. थोडे घासायचे, तार चढवून ऐकायचे, परत घासायचे. वाद्य रेल्वेने न्यायचे असेल तर तारा थोड्या उतरवून न्या. वाटेत जवारीचा दोरा हरवला तर घाबरू नका, शिवणाच्या रिळातला सुती दोरा चालतो.